घारीला न दिसलेलं गवत

चष्मेवाल्याच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलंय, ही बातमी आमच्या इमारतीत महिनाभर तरी फिरत होती. पुरावा भक्कम होता. दर रविवारी दुपारी त्याच्या आतल्या खोलीची खिडकी बंद व्हायची, पडदा ओढला जायचा, पंख्याची घरघर सुरू व्हायची आणि भिंतीपलीकडून त्याचा काकुळतीचा आवाज यायचा, "अजून अर्धा तास काढ रे राजा. आत्ता नको सोडून जाऊस." बातमी सुरू कोणी केली हे विचारू नये. ज्याची भिंत त्या भिंतीला चिकटलेली, त्यानं काय कानात बोळे घालून बसायचं?

तळमजल्यावरच्या काकूंना राहवेना. चार सफरचंदं घेऊन त्या तीन मजले चढल्या. दार चष्मेवाल्याच्या बायकोनं उघडलं.

"पेशंट कसा आहे गं?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

बायकोनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. टेबलाखाली एक काळी पेटी होती. तिची एक बाजू उघडी, वायरींची आतडी बाहेर, आणि तोंडासमोर पूर्ण वेगात टेबलफॅन. खुर्चीत चष्मेवाला, कानांवर हेडफोन, पडद्यावर धुमश्चक्री.

"हा?"

"हाच. नऊ वर्षांचा आहे. ताप उतरत नाही."

काकू सफरचंदं परत न्यायला वळल्या, तर बायकोनं ती हळूच काढून घेतली. "पेशंटला फळं चालत नाहीत काकू, पण सेवा करणाऱ्यांना चालतात."

तर असा हा चष्मेवाला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं डोळे तपासतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची, आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" दिवसात हा प्रश्न तो दोनशे वेळा विचारत असेल. घरी बायको दोन साड्या पुढे धरून उभी राहिली की तीच त्याला विचारते, "हे बरं, की हे?" आणि हा म्हणतो, "दोन्हीत सारखंच दिसतंय." अशा माणसाच्या हाती लोक डोळे देतात, हे तो स्वतःच सांगतो आणि हसतो.

पण एका जागी त्याच्या नजरेला तोड नव्हती. रविवार दुपारच्या खेळात. आपापल्या घरून कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या चार जणांची टोळी, समोर दुसरी टोळी, मध्ये टेकडी, माळ आणि पूल. पूल घ्यायचा. टोळीची कप्तान त्याची मेहुणी. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांना सुया टोचते, त्यामुळे नेतृत्वाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. बाकीचे दोघे म्हणजे एक बसड्रायव्हर आणि एक वकील. आपला चष्मेवाला टेकडीवर बसून राखण करायचा. शत्रू कुठे लपलाय हे त्याच्याइतकं लांबून कोणालाच दिसायचं नाही. "विहिरीच्या डावीकडे दोघे पालथे पडलेत," तो शांतपणे सांगायचा आणि खरोखर दोघे निघायचे. टोळीनं त्याचं नाव ठेवलं होतं घार. दुकानात मालक त्याला 'अरे' म्हणून हाक मारायचा, घरात बायको 'अहो' म्हणून. सहा वर्षं त्याला नावानं ओळखणारी ही एकच जागा होती, आणि तेही नाव पक्ष्याचं.

"समोरचे लोक मूर्ख आहेत," तो बायकोला सांगायचा. "भर माळावर उघड्यावर पोटावर झोपतात आणि समजतात लपलो. माझं कौतुक नाही त्यात." कौतुक आहे, असं तिनं म्हणावं म्हणून तो थोडा थांबायचा. ती शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासत राहायची.

अडचण ही की हल्ली पेटी चाळीस मिनिटांत तापायची आणि ऐन मोक्याला तिला मूर्च्छा यायची. पडदा काळा, घार गायब, पूल गेला. तीन रविवार असं झाल्यावर मेहुणीनं फोनवर सुनावलं, "भावोजी, तुमचे डोळे शाबूत आहेत, पण तुमचं यंत्र काशीत घाला. नाहीतर नीट दुरुस्त तरी करा. पुढच्या रविवारी त्या वरच्या क्रमांकाच्या टोळीशी गाठ आहे."

त्यानं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो आला, टॉर्च लावून आत डोकावला आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून उठला.

"ग्राफिक्स कार्ड नवीन घालू शकतो."

"घाला की मग."

"पण ते इतकी वीज खाईल की हा पॉवर सप्लाय पुरणार नाही."

"तोही बदला."

"कार्ड नवीन आणि मदरबोर्ड जुना, म्हणजे मर्सिडीज बैलगाडीला जुंपल्यासारखं. बोर्ड बदलला की प्रोसेसर बसणार नाही. प्रोसेसर बदलला की रॅम चालणार नाही."

"मग जुनं राहील काय?"

"कॅबिनेट राहील ना," कॉम्प्युटरवाला दिलासा देत म्हणाला. मग त्यानं उघडी बाजू पाहिली. "याचं झाकण कुठाय?"

झाकण दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यानं काढून गच्चीत ठेवलं होतं. त्यावर आता कोणाच्या तरी कुंड्या होत्या.

कॉम्प्युटरवाला गेल्यावर बायकोनं मान वर न करता म्हटलं, "तुमच्या दुकानात गल्ल्याच्या वर ती पाटी कोणाच्या अक्षरात आहे हो?"

पाटी त्याच्याच अक्षरात होती. 'जुन्या फ्रेममध्ये नवीन काच बसवताना फ्रेम तुटल्यास दुकान जबाबदार नाही.' ही पाटी दाखवून त्यानं शेकडो लोकांना नवीन फ्रेम घ्यायला लावली होती. आता स्वतःच्या जुन्या फ्रेमपाशी येऊन बसला, तर जीव तुटत होता. नऊ वर्षांची सोबत. कोणतं बटण कुठे अडकतं, सुरू करताना कुठे हलकी थाप मारायची, सगळं पाठ. परक्या यंत्रावर हीच नजर लागेल का? घारीची घार राहील का, की चिमणी होईल? पैशाचा प्रश्न नव्हता, ते त्यानं बाजूला टाकले होते. भीती नावाची होती.

तीन दिवस तो घोळ घालत राहिला. गिऱ्हाइकाला काच दाखवतानाही त्याच्या मनात कार्ड, बोर्ड, रॅम. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यानं एकच काच चार वेळा घालून "हे बरं, की हे?" विचारलं. चौथ्या वेळी ते म्हणाले, "हे फारच बरं," आणि खूश होऊन गेले.

शेवटी बायकोच वैतागली. "अहो, लोकांना तुम्ही डोळ्यांसमोर धरून दाखवता ना? मग स्वतः जाऊन बघून या. माझ्या बहिणीकडे गेल्या वर्षीचा नवा आहे. बसा त्याच्यावर तासभर. हे बरं की ते, तिथेच ठरवा."

शनिवारी दुपारी तो मेहुणीकडे गेला. तिनं खुर्ची दिली, माउस दिला, स्वतः मागे उभी राहिली. खेळ सुरू झाला. चष्मेवाला ओळखीच्या टेकडीवर उभा राहिला, त्यानं खाली पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

"हे काय आहे?"

"काय?"

"हे सगळीकडे उगवलंय ते."

"गवत आहे, भावोजी."

"कधी लावलं?"

"कोणी?"

"खेळवाल्यांनी."

"पहिल्या दिवसापासून आहे. असं काय करता? उजवीकडे बघा, उजवीकडे!"

"उजवीकडे गवत आहे."

"गवतात माणूस आहे!"

माणूस होताच. त्यानं घारीला टिपलं. पुढच्या अर्ध्या तासात घार सहा वेळा मेली, त्यात दोनदा तर जिथे शत्रू दोन पावलांवर होता तिथे. कमरेइतकं पिवळं गवत वाऱ्यावर डुलत होतं, वर निळं आभाळ, आणि त्यात कुठेही काहीही दिसत नव्हतं. मेहुणी म्हणाली, "काय झालंय तुम्हाला आज?" हा म्हणाला, "खुर्ची उंच आहे." तिनं खुर्ची खाली केली. तो खाली बसून मेला.

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता, आणि तो पडू नये असं त्याला फार वाटत होतं. सहा वर्षांपूर्वी खेळ बसवला तेव्हा त्या खेळानं त्याच्या पेटीची नाडी पाहिली होती आणि ठरवलं होतं, की हिला गवत झेपायचं नाही. म्हणून गवत काढूनच टाकलं. बाकीच्यांना दाट माळ, याला टक्कल. शत्रू गवतात शिरून अगदी चोख लपत होते. याला ते सारवलेल्या अंगणात पालथे पडलेले दिसत होते. वर हा त्यांना मूर्ख म्हणत होता.

बायकोला त्यानं सांगितलं, तेव्हा तिनं लाल पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं उत्तरपत्रिका तुमच्या पुढ्यात उघडी होती."

"मला काय माहीत होतं?"

"कालपर्यंत नव्हतं माहीत," बायको म्हणाली आणि पेन उचललं.

त्यानं कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. सहज म्हणून विचारलं, नवीन यंत्रावर गवत बंद करता येतं का? "एका टिचकीचं काम," तो म्हणाला. "बरेच लोक करतात." म्हणजे नवीन यंत्र घ्यायचं, टिचकी मारायची, तोंडाला कुलूप लावायचं. यंत्र थंड, माळ बोडका, घार शाबूत. झाकली मूठ सव्वा लाखाची. रात्रभर ही मूठ उशाशी घेऊन तो झोपला, म्हणजे झोपला नाही.

रविवार उजाडला. खिडकी बंद, पडदा ओढलेला, पंखा सुरू. वरच्या टोळीशी सामना. अर्ध्या तासानंतर समोरचे मोजकेच उरले आणि मेहुणीचा आवाज आला, "घार, पुलाकडे मोकळं आहे का? काय दिसतंय?"

चष्मेवाल्यानं पाहिलं. पुलाच्या अलीकडे, भर मैदानात, एक जण पोटावर पडला होता. अगदी हळू, एकेक कोपर टाकत सरकत होता. मध्येच थांबायचा, डोकं खाली घालायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा. आजपर्यंत याला अशा माणसाचं हसू यायचं. आज वाटलं, बिचारा किती मन लावून लपला होता!

"घार? दिसतंय का काही?"

"दिसतंय," चष्मेवाला म्हणाला. "सगळंच दिसतंय. माझ्याकडे गवतच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पेटीला झेपत नाही म्हणून माझ्याकडे गवत उगवलंच नाही कधी. सहा वर्षं. माझी नजर काही नाही रे बाबांनो. माळ टकला आहे."

मग बसड्रायव्हर सावकाश म्हणाला, "थांब. मागच्या महिन्यात मी वीस मिनिटं गवतातून सरपटत त्यांच्या मागे गेलो होतो. तू म्हणालास, शाब्बास, चालू ठेव."

"हो."

"तेव्हा तुला मी कसा दिसत होतो?"

"फरशीवर पोहायला शिकणाऱ्यासारखा."

आधी वकील फुटला. मग बसड्रायव्हर स्वतः. मेहुणी "अरे पूल! पूल बघा!" म्हणून ओरडत होती, पण हसता हसता तिच्याही हातून माउस निसटला. त्या कोपरं घासणाऱ्या गड्यानं शांतपणे येऊन चौघांना टिपलं आणि पूल घेतला. त्याच क्षणी चष्मेवाल्याची पेटी मूर्च्छा येऊन पडली. पुन्हा उठली नाही.

वकिलानं नंतर निकाल दिला, की अज्ञानात घडलेला गुन्हा माफ, पण बिरुद जप्त. घारीचं नाव त्या दिवसापासून गवत्या झालं. चष्मेवाल्यानं नवीन कॉम्प्युटर घेतला, अख्खा, झाकणासकट. टिचकी मारली नाही. टेबलफॅन बायकोकडे स्वयंपाकघरात परत गेला.

भिंतीपलीकडची घरघर थांबली आणि इमारतीला चुटपुट लागली. महिन्याभरानं तळमजल्यावरच्या काकू नंबर तपासायला दुकानात गेल्या. चष्मेवाल्यानं त्यांच्या नाकावर चौकट ठेवली, काच घातली.

"तुमचा तो पेशंट गेला म्हणे," काकू म्हणाल्या.

"गेला. शेवटी फार हसवून गेला."

"आणि नवीन आणलात. त्याच्यावर जिंकता का मग?"

"छे हो. पाच मिनिटांत मरतो. टेकडीवरून काढलं मला, आता मी सगळ्यांच्या मागून चालतो."

"अगंबाई! मग एवढा नवीन घेऊन मिळालं काय तुम्हाला?"

चष्मेवाल्यानं काच काढली, दुसरी घातली आणि म्हणाला, "गवत मिळालं, काकू. आता खालची ओळ वाचा."