पहिलं कोकरू माझ्या हाती

फौजदारआत्या रस्त्यात उभी राहून हात वर करायची आणि हिंजवडीकडे निघालेल्या कंपनीच्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या. शेवटचं मेंढरू पार होईपर्यंत हात खाली यायचा नाही. कुणी हॉर्न वाजवलाच, तर म्हणायची, "का रं, हापिस पळून चाललंय व्हय?"

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर आपली मेंढरं हाकत माहेरी आली, ती आमच्या वस्तीवर कायदा चालवायलाच. तिचा पहिला नियम, लंगडं मेंढरू दिसलं की कळपातून बाजूला. खुरकुतीत खुरांना फोड येतात, जनावर लंगडतं, आणि बघता बघता सगळा मेंढवाडा आजारी पडतो. हे तिनं भोगलं होतं.

मी चौथीत असताना माझी नडगी सुजून ठणकायला लागली. तळहात-तळपायांवर पिवळ्या पुवाचे फोड आले. मी लंगडत मेंढवाड्यावर गेले. आत्यानं माझा तळवा बघितला आणि निकाल दिला, "खुरकूत!"

"आक्का, माणसाला कुटं हुती खुरकूत?" आबा म्हणाले.

"मेंढरांस्नी हिची झाली मंजी?"

माझे पाय मेंढरांच्या औषधाच्या लाल पाण्यात बुडाले आणि मी मेंढवाड्याच्या जाळीबाहेर. आत कोकरं ओरडायची, बाहेर मी. माझे हात चुरचुरतात म्हणून भाकरी मात्र आत्याच भरवायची. वस्तीवरच्या पोरींनीही माझा हात धरायचं सोडलं. आता कोकरू कधी उचलायला मिळणार, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता.

पिरंगुटच्या डॉक्टरांनी जंतू मारायची औषधं दिली. सूज हटेना. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्या काठीसकट सोबत. सगळ्या अंगाचा एमआरआय झाला, हाडाचा तुकडा तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडात सूज आहे, पण जंतू कुठंच नाहीत. फोडांतही नाहीत. आजार एकच, हाडात आणि कातडीवर दिसतो. औषधानं आटोक्यात राहील, मधूनमधून डोकं वर काढेल.

"मेंढरांस्नी लागत न्हाई?"

"नाही."

"माणसाला?"

"कुणालाच नाही, आजी."

"आजी कुणाला म्हन्ती गं? मेंढरागत दात मोजून वय सांग माझं!"

परत आल्यावर तिनं वस्तीला समजावलं, "राखणीचं कुत्रं लांडगा समजून आपल्याच मेंढराला धरतंय, तसं हिच्या अंगात झालंय. कुत्र्याला आवरायचं औषध दिलंय."

आमच्यात हंगामातलं पहिलं कोकरू हातगुण असलेल्या माणसानं उचलायचं, नाकतोंड पुसायचं आणि मेंढीपुढं ठेवायचं. हा मान आत्याचा. त्या वर्षी सगळी वस्ती जाळीभोवती उभी असताना आत्यानं हात मागं घेतले.

"आत ये गं. तूच उचल."

"अवो, हातावर फोड हायेत तिच्या!" चुलती म्हणाली.

"आंधळी हाय का मी? उचल, पोरी."

मी उचललं. ओलं, कोमट, निसटतंय नुसतं! पुसता पुसता माझ्या हातातच शिंकलं. चुलतीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी पोरी खेळायला बोलवायला आल्या. त्या हंगामात एकही कोकरू दगावलं नाही, आणि आत्यानं माझा हातगुण पार पौडच्या बाजारापर्यंत गाजवला.

पुढं मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. आत्या मात्र बसमध्ये अनोळखी बायांना सांगायची, "आमची पोरगी कोकरं उचलती. गॅजवेट बी हाय."

गेल्या वर्षी आत्या गेली. मी आता हिंजवडीत नोकरी करते. परवा दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, पयली मेंढी कळा देतीया. आत्याचा हुकूम हाय, तुझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. निघ!"

तळहातावर चार दिवसांपूर्वी पुन्हा फोड उठले होते. मी ऑफिसातून खाली धावले, भर रस्त्यात उभी राहिले आणि तोच हात वर केला. पहिलीच रिक्षा जागच्या जागी थांबली.