आजच्या तारखेची कोरी फाइल

आमचे हे गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं, पण दुकानातल्या कॉम्प्युटरची एकही सेटिंग मी हलवली नव्हती. जालन्यातल्या मस्तगडात आमचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे अर्ज, असली कामं. दोघं मिळून चालवायचो. म्हणजे टाइप मी करायचे आणि मशीनमध्ये नसते उद्योग हे करायचे. छातीत कळ आली म्हणून रिक्षात घालून नेलं आणि परत आणलं ते अँब्युलन्समधून. दिवस झाले आणि मी शटर वर केलं. घरी बसून भिंती किती बघणार?

ह्यांनी सगळा कारभार एका साध्या लिहायच्या एडिटरमध्ये मांडून ठेवला होता. एकच लांबलचक पान आणि त्यावर कामांची नावं. नाव चौकोनी कंसात लिहिलं की निळं व्हायचं, निळ्यावर क्लिक केलं की ती फाइल किंवा तो फोल्डर समोर हजर. पण आहे तसं वापरेल तो माणूस कसला! फोल्डर वेगळ्या खिडकीत उघडायचा, ते ह्यांना खपायचं नाही. यादी तिथल्या तिथं दिसली पाहिजे. पीडीएफ बाहेर उघडली पाहिजे. फोटो लहानच दिसला पाहिजे. इंटरनेटवर वाचून वाचून दिवसचे दिवस त्यात घालवायचे. गिऱ्हाईक समोर ताटकळतंय आणि साहेब लिंकांना वळण लावताहेत. मी म्हणायचे, "एवढं वळण घरातल्या कपाटाला लावा की." तर नुसते हसायचे.

ते गेल्यावर एक गोष्ट व्हायला लागली, ती मी कुणाला सांगितली नाही. जुनी कामं शोधताना मी पानावरच्या लिंका एकामागून एक दाबायचे. एखादं पान कोरं उघडायचं. मी समजायचे, अर्धवट राहिलं असेल, आणि बंद करून पुढची दाबायचे. मग कधी फोल्डर उघडावा तर त्यात फाइल दिसायची, आत काही नाही आणि तारीख आजची. 'मंडपवाल्याचं कार्ड, हिरवं नको.' 'उरुसाचा फ्लेक्स, अक्षर मोठं.' नावं बिलकुल ह्यांच्या ढंगाची. आणि आजच्या तारखेला, माणूस जाऊन इतके महिने झाल्यावर. पहिल्या वेळी मी घाबरून भर दुपारी शटर ओढून घरी गेले.

पुढं भीती मोडली. खरं सांगते, मी वाट बघायला लागले. दुकानात आलं की आधी फोल्डर बघायचा, काही केलंय का ह्यांनी. बी.ए. झालेली बाई मी, दुसऱ्या कुणा बाईनं सांगितलं असतं तर तिला वेड्यात काढलं असतं. पण कोरी का होईना, नवी फाइल दिसली की तो दिवस मला बरा जायचा.

आमचे सासरे, अण्णा, कुंभार पिंपळगावला शेतावर राहतात. लेकानं शेत सोडून 'डबड्यापुढं' बसावं हे त्यांना कधी पटलं नाही. भांडण असं नव्हतं, पण बाप-लेकाचं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. फोन आला की हे म्हणायचे, "अण्णांना विचार, जेवले का." तिकडून अण्णा, "त्याला म्हनाव, जल्दी निजत जा." फोनचा आवाज दोघांच्या कानाला पुरेल एवढा मोठा लावलेला, तरी मधे मी. वैताग यायचा मला.

गेल्या हिवाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनला अण्णा जालन्याला आले. पट्टी निघाली तसे माझ्याबरोबर दुकानात येऊन बसायला लागले. नुसते बसून गिऱ्हाइकांना उलटसुलट प्रश्न विचारायचे, म्हणून मी त्यांच्या हातात माउस दिला. निळ्यावर बाण न्यायचा आणि दाबायचं, एवढं शिकवलं. लेकाची कामं ते एकेक उघडून बघायचे. एखादी पत्रिका आवडली की म्हणायचे, "हे त्यानं केलं?" मी हो म्हणायचे. मग त्याच पत्रिकेकडे बघत बसायचे.

एक दिवस ते पानाच्या अगदी तळाला पोचले. तिथं ह्यांनी 'सवडीनं' असं लिहून खाली दोन-चार नावं टाकली होती. त्यातलं एक होतं, 'अण्णांना सांगायचं'. मी तोवर तिथपर्यंत कधी गेले नव्हते. अण्णांनी क्लिक केलं. कोरं पान उघडलं.

"हे कोरं कसं?"

"लिहायचं राह्यलं असंल, अण्णा."

"नाव घातलं अन् आत कायीच न्हाई?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू पुसलं का?"

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाची एक खूण मी मशीनमधून हलू दिली नाही, त्याचं लिहिलेलं मी पुसणार? मी फोल्डर उघडून तारीख त्यांच्या डोळ्यापुढं धरली. "बघा, आजची फाइल आहे. आत्ताची वेळ आहे."

"तेच म्हनून राह्यलो मी," अण्णा म्हणाले. "आजच कोनी तरी हात लावला."

रागाच्या भरात मी ह्यांची सेटिंगची फाइल उघडली. आजवर ती उघडायचं धाडस केलं नव्हतं. आत सगळं इंग्रजीत, पण मधे मधे हॅशचं चिन्ह लावून ह्यांनी मराठीत ओळी लिहिलेल्या. असल्या ओळी मशीन वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. पहिलीच ओळ होती, 'इथं हात लावू नको गं, सांगून ठेवतो.' दुसरं कुणी नव्हतंच वाचणारं, ती ओळ माझ्यासाठीच होती. मी खाली जात राहिले. 'फोल्डर इथंच उघड, दुसरी खिडकी नको.' 'फोटो मोठा करू नको, मशीन रडतंय.' कानापाशी बसून बोलल्यासारखं वाटत होतं. आणि मग ती ओळ आली. 'फाइल नसली तर लगेच बनव. विचारत बसू नको.'

मला क्षणात सगळं कळलं. ह्यांची सवयच तशी, आधी नाव टाकून ठेवायचं आणि काम मागून करायचं. म्हणून नाव असलं आणि फाइल नसली, तर क्लिक करताच मशीन त्या नावाची कोरी फाइल बनवत होतं, त्या दिवसाच्या तारखेची. ह्यांनी तसं वळणच लावलं होतं त्याला.

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण आळ माझ्यावर होता ना. मी अण्णांसमोर पानावर कंसात 'भेंडीची भाजी' असं लिहिलं. "आता हे दाबा," मी म्हणाले. त्यांनी दाबलं. कोरं पान उघडलं. फोल्डरात फाइल हजर, आजची तारीख, आत्ताची वेळ.

"बघितलं? नुसतं नाव लिहिलं तरी असंच होतं. मी काही पुसलेलं न्हाई."

अण्णांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "म्हंजी त्यानं कायीच लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. मी घाईघाईनं म्हणाले, तसं नाही, मधे मशीन बिघडलं होतं, तेव्हा गेलं असेल. ते मान हलवत राहिले. त्यांचं गेलं आणि माझंही गेलं, कारण त्या कोऱ्या फायली ह्यांच्या नव्हत्याच. इतके महिने माझंच बोट त्या बनवत होतं आणि मीच दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघत होते. भेंडीच्या भाजीनं आम्हा दोघांना बराबर जागेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पिंपळगावच्या बसमध्ये बसले. डोळा बरा झाला, म्हणाले. मी त्यांच्याबरोबर थेंबांची बाटली दिली, कधी घालायचे ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

घर खायला उठलं. दुकानात गेलं की फोल्डर उघडायची इच्छा होईना, कारण आता त्यात काही येणार नव्हतं. सारखं वाटायचं, अण्णांना संशय राहिला असता तर काय बिघडलं असतं? मला सून म्हणून चार शिव्या बसल्या असत्या. पण त्यांच्या लेकानं त्यांना काही लिहिलं होतं, एवढं तरी त्यांच्यापाशी राहिलं असतं. शेवटी मी फोन लावला.

"अण्णा, मी नीट आठवून पाह्यलं. माझ्याच हातनं पुसलं गेलं असंल. साफसफाई करताना. लई लिहिलेलं होतं त्यात."



"खोटं नको बोलू, बाई," अण्णा म्हणाले. "तू दाखवलं न मला." मग हळूच म्हणाले, "त्यानं निदान नाव तरी घालून ठेवलं. मला त्याला जे सांगायचं होतं, त्याचं म्या तेवढं बी केलं न्हाई."