घंटीवाले सर

घंटीवाल्या सरांना कुणी उगाच डोकावून विचारलेलं खपत नसे. "सर, झालं का?" असं वर्गातून कुणी म्हणालं की ते हातातला खडू खाली ठेवत. "झालं की सांगंन की मी. तवर तू तुजं काम कर." एवढ्याशा प्रश्नावर इतकं चिडायचं काय, असं मला नेहमी वाटे. आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि सोलापुरात त्यांच्या शेजारीच राहत होते. त्यामुळे त्यांची चिडचिड मला दोन्हीकडे ऐकू यायची.

सर मूळचे करमाळ्याकडचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि सिरियल कम्युनिकेशनची चिप आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. होती ती फक्त तिची डेटाशीट, म्हणजे माहितीची पानं, तीही सायक्लोस्टाइल केलेली, निम्मी अक्षरं पुसट. तेवढ्या भांडवलावर सर शिकवत. फळ्यावर दोन खोकी काढत. एका तारेवरून बिट एकामागून एक येतात, चिप ते गोळा करते आणि पुरं झालेलं अक्षर पहिल्या खोक्यात, म्हणजे डेटा रजिस्टरमध्ये ठेवते. दुसरं खोकं स्टेटस रजिस्टरचं. अक्षर आलं की त्यातला एक बिट शून्याचा एक होतो. "आता प्रोसेसरनं सारकं जाऊन बगायचं का, आलं का, आलं का म्हनून? त्यापरीस दाराला घंटी लावा." ही घंटी म्हणजे इंटरप्ट. सरांना नाव पडलं ते यावरूनच.

घरीही त्यांनी तेच केलं. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, दमा होता. धाप लागली की त्यांना हाकसुद्धा मारता येत नसे, म्हणून सर सारखे माडीवरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली येऊन बघत. वहिनी वैतागत. "हाय अजून मी. जावा वर." शेवटी सरांनी त्यांच्या उशाशी बटण बसवलं आणि वर घंटी. घंटी वाजली की सर दोन ढांगांत खाली. वहिनींना उठवून बसवायचं, औषध द्यायचं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणायचं. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मला तर फार कौतुक होतं त्या घंटीचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून चिप पाठवली. एकच. सरांनी परवानगी काढून संस्थेचा प्रोसेसर किट घरी आणला आणि भंगारातून मिळवलेला टेलिप्रिंटर त्याला जोडला. टेलिप्रिंटरची कळ दाबली की अक्षर चिपमधून प्रोसेसरकडे जायचं आणि परत येऊन कागदावर उमटायचं. पण मधूनच भलतंच काहीतरी उमटे. चार दिवस डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. खालून वहिनींनी बटण दाबलं की घंटीत ठिणग्या उडत आणि त्यांचा कचरा सर्किटमध्ये शिरे. हल्ली वहिनी घंटी जरा जास्तच वाजवत होत्या. का, याचा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही.

त्या दुपारी वहिनींचा डोळा लागलेला बघून सरांनी घंटीची एक तार काढून ठेवली. पाच मिनिटांपुरती. नाजूक काम करताना इंटरप्ट बंद करावा, पण काम उरकलं की सगळ्यात आधी तो चालू करावा, मग बाकीचं, हे ते वर्गात घसा फोडून सांगत. मुलं परीक्षेत नेमकं तेच विसरत आणि सर निम्मे गुण कापत.

"बाई, या लवकर! समदं बरोबर आलं बगा!" माडीवरून त्यांची हाक आली. मी धावले. जिना वहिनींच्या खोलीला लागूनच होता. दार लोटलेलं होतं. मी आत डोकावले नाही. घंटी होती ना! वर आम्ही तासभर एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवून कागदावर उमटताना बघत बसलो. इतके खुशीत सर मी कधी पाहिले नव्हते. टेबलाच्या कडेला सुटी तार लोंबत होती. मला ती दिसली होती. ही कसली, एवढं विचारायला मला काय झालं होतं? त्यासाठी मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

चहाचं बघावं म्हणून मीच खाली उतरले. वहिनींचा अंगठा बटणावर होता. अंग गार पडायला लागलं होतं.

सुट्टीनंतर सर वर्गावर आले. त्याच दोन खोक्यांपाशी उभं राहून त्यांनी स्टेटस रजिस्टरमधला आणखी एक बिट शिकवला, ओव्हररनचा. "पैलं अक्षर कुनी उचललं न्हाय आन् मागनं दुसरं आलं, की पैलं जातं. मग हा बिट एक होतो. गेलं, एवडंच कळतं. किती गेली, ते चिप सांगत न्हाय." खडू ठेवून ते वर्गाबाहेर गेले. तास संपायला बराच वेळ होता. फळा मी पुसला.

दिवाळीआधी त्यांनी नोकरी सोडली आणि करमाळ्याला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. चिप त्यांनी माझ्या हातात दिली, मुलांना दाखवा म्हणाले. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हळूच विचारलं, "बाई, किती येळा दाबलं आसंल ओ तिनं?"