खाटेखालची सात खोकी

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. रेशनचा, दाखल्याचा, फी माफीचा. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे माझ्या आठवणी कुणी वाचाव्यात असं म्हणणं मला आगाऊपणाचं वाटतं. पण एका विषयावर मला न अडखळता बोलता येतं, तो म्हणजे दगड. तिथे मी चुकलो तर कुठे चुकलो हेही मला सांगता येतं. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

वडील ब्रेकर चालवतात. जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा करायचा तर पायासाठी काळा दगड फोडत खाली जावं लागतं, ते काम. कधी मुलुंड, कधी बोरिवली, कधी अंधेरी. या काळ्या दगडात मध्येच पोकळी लागते, नारळाएवढी, क्वचित पातेल्याएवढी, आणि तिच्या आतून स्फटिक उगवल्यासारखे दिसतात. साइटवरची माणसं त्यांना फुलं म्हणतात आणि डंपरमध्ये टाकून देतात. वडिलांना पोकळी येण्याआधीच कळते. ब्रेकरचा आवाज बसका होतो, असं ते सांगतात. मग ते मशीन थांबवून खाली उतरतात आणि पुढचं छिन्नीने, हाताने करतात.

पहिलं फूल त्यांनी मी आठवीत असताना आणलं. रिकाम्या डब्यात, चपातीच्या फडक्यात गुंडाळून. आई आधी ओरडली, "अहो, भाजीच्या डब्यात दगड?" मग फडकं उघडल्यावर तीही बघत राहिली. फिकट पपईच्या रंगाचे स्फटिक होते, मध्ये आवळून बांधलेल्या आणि दोन्ही टोकांना पसरलेल्या पेंढीसारखे. त्याला स्टिलबाइट म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर त्याचं नाव आमच्याकडे 'पेंढीवाला' होतं.

नंतर डब्यातून दगड येतच राहिले. मुकादम वडिलांना विचारायचा, "क्या रे, घर पे दूसरा टॉवर बना रहा है क्या?" वडील हसून म्हणायचे, "हां साब, लिफ्ट बाकी है."

मी नुसते दगड जमवले नाहीत. मला ते मांडायला आवडायचे. जुन्या टूथब्रशने आणि सुईने माती काढायची, रिठ्याच्या पाण्यात बुडवायचे, सावलीत वाळवायचे. मग कोणता दगड कोणत्या बाजूने उभा राहतो ते बघत बसायचं. प्रत्येक दगडाला एक बाजू अशी असते की त्या बाजूने ठेवला की तो जिवंत वाटतो, आणि ती सापडेपर्यंत मी त्याला चिकटवत नाही. बैठकीसाठी फुटलेल्या कॅरमचं प्लाय, चिकटवायला प्लंबर वापरतात ती मळायची एपॉक्सी. काचवाल्याकडच्या कापून उरलेल्या पट्ट्यांची पेटी करायची. अशा मांडणीत मी कच्चा नाही, हे मी आता लाजल्याशिवाय लिहू शकतो.

अडचण होती जागेची. आमची खोली घाटकोपरच्या डोंगरावर, दहा बाय बारा. दगड खाटेखाली बुटांच्या खोक्यांत. बारावीपर्यंत दोन खोकी होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत सात झाली. यंदा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. आई म्हणाली, "खाटेखाली आता बाळाचं सामान. तिथे दगडाची धूळ नको. जूनपर्यंत हलव, नाहीतर मी स्वतः डेब्रिजच्या गाडीत घालीन." आई असं म्हणते तेव्हा ती तसं करते. शाळेतल्या माझ्या वह्या तिने अशाच रद्दीत घातल्या होत्या.

मित्रांच्या घरी आमच्यापेक्षाही कमी जागा. कॉलेजातल्या मॅडमनी दोन दगड लॅबसाठी घेतले, बाकीच्यांना तिथेही कपाट नव्हतं. राहिलं आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारातलं काचेचं कपाट. तीन खण, आणि तिन्हीत कॅरमच्या ट्रॉफ्या. खाटेखालचं सगळं त्यात नीट बसलं असतं. मी माप आधीच घेऊन ठेवलं होतं, झाडू मारायच्या निमित्ताने.

विहाराचे अध्यक्ष काका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. कडक माणूस. मी गेलो.

"जयभीम काका."

"जयभीम. बोल."

"माझ्याकडे दगड आहेत. म्हणजे खडे. स्फटिक. ते कपाटात मांडायचे होते."

"अंगठीत घालतात ते?"

"तसलेच काही, पण..."

"मग नको." त्यांनी चष्मा काढला. "शनीचा खडा, राहूचा खडा, हे आपल्या आज्यांनी दीक्षा घेताना सोडलं. तू शिकून परत विहारात आणतोस?"

त्यांचं सगळंच चूक नव्हतं. मागच्याच आठवड्यात शेजारच्या मावशी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. मुलुंडच्या खड्ड्यातला प्रेहनाइट म्हणून एक हिरवा दगड आहे, द्राक्षाच्या घडासारखा. तो बघून त्या हळूच म्हणाल्या, "पाचू आहे ना रे? माझ्या पोरीचं जमत नाहीये. एक बारीक तुकडा दे. आणि विहाराच्या कमिटीला बोलू नको हां."

मी दुसऱ्या दिवशी परत काकांकडे गेलो. म्हटलं, बुद्धपौर्णिमेला एकच मांडणी करू द्या, छोटा स्तूप. बघा आणि मग ठरवा. "एक," ते म्हणाले. "आवडलं तर कमिटीपुढे ठेवतो. नाही आवडलं तर विषय बंद."

आता माझी चूक. स्तूपाचा घुमट मला पांढरा हवा होता. त्याच दिवसांत बोरिवलीच्या एका खड्ड्यात वडिलांना पांढऱ्या, काडीसारख्या स्फटिकांची मोठी पोकळी लागली. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी दोन दिवसांत डबाभर आणले. लोमॉन्टाइट. हा दगड हवेत वाळला की त्याच्यातलं पाणी जातं आणि तो भुसभुशीत होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि त्याचे मार्कही मिळाले होते. पण पुस्तकातला लोमॉन्टाइट आणि वडिलांच्या डब्यातला लोमॉन्टाइट एकच, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. परीक्षेचं ज्ञान मी परीक्षेपुरतंच ठेवत आलो होतो. आमच्यासारख्यांच्या घरात शिकणं हे पास होण्यासाठी असतं, हाताच्या कामात त्याचा काही उपयोग असेल अशी सवयच नसते.

घुमट सुंदर झाला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी तो कपाटाच्या मधल्या खणात, ट्रॉफ्या बाजूला सरकवून ठेवला. कॅरमवाल्या पोरांनी हौसेने आत दोन मोठे बल्ब लावले आणि चालूच ठेवले.

सकाळी विहार झाडणाऱ्या आजी आमच्या दारात. "बाळा, तुझा स्तूप बसला रे."

गेलो तर घुमटाच्या जागी पिठाचा ढीग. खालची बैठक शाबूत, वर पांढरा चुरा. काका आधीच उभे होते. मला वाटलं, विषय बंद.

त्यांनी काचेच्या आत बोट घालून चुरा चोळून बघितला, फिटर माणूस लोखंडाचा कीस बघतो तसा. मग म्हणाले, "अनित्य आहे हे मान्य आहे रे. पण एवढ्या लवकर?"

कॅरमवाली पोरं हसली. मीही हसलो, रडू येत असताना. आणि त्या हसण्यानेच मला धीर आला. मी म्हटलं, "काका, यात पाणी होतं. बल्बच्या उष्णतेने गेलं. माझी चूक आहे, मला माहीत असून मी हा दगड वापरला."

"म्हणजे जादू नाही?"

"जादू असती तर पडला असता का?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "सहाला लोक येतील. तोवर तुझं काय ते कर."

वडिलांना त्या दिवशी सुट्टी होती. मी घरी येऊन सगळी खोकी खाटेखालून ओढली तेव्हा ते शेजारी येऊन बसले. आजवर ते दगड आणायचे आणि मी मांडायचो. एकत्र आम्ही कधी काम केलं नव्हतं. खोकी विहारात नेल्यावर त्यांनी एकेक दगड तळहातावर तोलला. "हा वर नको, डोकं जड आहे. हा खाली घे." मी बाजू शोधायचो, ते वजन सांगायचे. घुमट पांढरा झाला नाही. अंधेरीचा आणि बोरिवलीचा स्टिलबाइट मिळून फिकट पपईच्या रंगाचा झाला, टोकाला एक स्वच्छ स्फटिक, पायाला हिरवा प्रेहनाइट. बल्ब मी पोरांना काढायला लावले. चारला काम संपलं आणि वडील म्हणाले, "आता हलणार नाही." पायाबद्दल ते उगाच बोलत नाहीत.

काका बघायला आले. त्यांनी प्रत्येक दगडापुढे चिठ्ठी लावायला सांगितली. मी लिहिलं: नाव, कोणत्या उपनगरात मिळाला, जमिनीखाली किती फुटांवर, कसा बनला. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अजून एक ओळ लिही." मी लिहिली: हा दगड जवळ ठेवल्याने कुणाचं भलं किंवा वाईट होत नाही.

संध्याकाळी गर्दी झाली. शेजारच्या मावशी हिरव्या दगडापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, तेव्हा काका मागून म्हणाले, "हात कशाला जोडतेस? वाच." मावशींनी वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं गुपित फोडलं. मी म्हटलं, "मावशी, देवाशप्पथ मी सांगितलं नाही."

"देवाशप्पथ?" काका म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

पण कपाटाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. स्तूप उतरवून दगड परत खोक्यांत गेले. कमिटीतली अर्धी माणसं मे महिन्याची गावी गेलेली. काका म्हणाले, ठराव सगळ्यांसमोर होईल, मी एकटा देणारा कोण? एक रविवार गेला, दुसरा गेला. कॅरमवाल्यांचा विरोध आहे असं कानावर आलं. ट्रॉफ्या कुठे ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्नही खरा होता. जून लागला. ताईची बॅग आली, मागून ताई येणार होती. आईने एक दिवस सातही खोक्यांना सुतळी बांधली आणि दारापाशी रचली. तिने ती डेब्रिजमध्ये टाकली नव्हती, पण ती दारापाशी होती. वडील म्हणाले, "शनिवारी मी साइटवर घेऊन जातो. दुसऱ्या कुणी टाकण्यापेक्षा मीच टाकतो." मी बरं म्हटलं. त्या दोन दिवसांत मी एकही खोकं उघडलं नाही.

शुक्रवारी दुपारी खालच्या गल्लीतून हाक आली. कॅरमच्या टीमचा कॅप्टन.

"ए खडेवाले! खाली ये."

मी दारातूनच विचारलं, "काय रे?"

"काय रे काय? वाट लावलीस आमची. ट्रॉफ्या काढतोय आम्ही."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाट दिलं ना तुला. आत्ता ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले. आम्ही पण. तिन्ही खण, कायमचे. काका बोलले, चिठ्ठीशिवाय एक पण दगड आत जाणार नाही. आणि ऐक, आमची मोठीवाली ट्रॉफी तशीच राहणार, वर, कोपऱ्यात. चल, ये लवकर. हातभार लाव."