रांगोळीमागची बरणी

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली, त्याच आठवड्यात दहावीतल्या माझ्या मुलीने घरातल्या बरण्यांवर रासायनिक सूत्रं चिकटवली. येता-जाता नजरेखालून गेली की पाठ होतात म्हणे. मिठावर NaCl, खायच्या सोड्यावर NaHCO₃, साखरेवर लांबलचक C₁₂H₂₂O₁₁. बाल्कनीतल्या रांगोळीलाही तिने सोडलं नाही. "संगमरवराची पूड आहे ही, बाबा. CaCO₃."

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मी सरळ माणूस समजला जातो. त्या सरळ माणसाने दुसऱ्याच दिवशी पिठीसाखर आणली. पिठीसाखरच, कारण ती चहात चमचा न वाजवता विरघळते. ती तशाच एका बरणीत भरली, मुलीच्या अक्षराची नक्कल करून CaCO₃ लिहिलं आणि बरणी रांगोळीमागे लपवली. शाळेत रसायनशास्त्राला घाबरणारा मी, त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या कामी आलं.

तीन आठवडे मजेत गेले. मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. रविवार होता, आणि सोमवारी मुलीची पहिली युनिट टेस्ट. बायको दारात चैत्रांगण काढत होती. निम्म्यात रांगोळी संपली, तशी तिने मागची बरणी ओढली.

"ही जरा चिकट पडतेय," ती म्हणाली.

मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

दुपारी शेजारच्या पंजाबी काकूंनी बेल वाजवली. "भाभीजी, आपकी रंगोली तो चल रही है!"

खरंच चालत होती. वरचे सूर्य-चंद्र शुभ्र होते; खालचं कासव, साप, गोपद्मं मुंग्यांनी काळी होऊन सरकत होती. बायकोने बोटावर घेऊन चाटून पाहिलं आणि ती बरणी उचलून थेट मुलीच्या खोलीत गेली.

"पिठीसाखरेवर रांगोळीचं लेबल लावतेस? उद्या पेपर आहे ना तुझा?"

"मी असं नाही लावलं."

"मग हे अक्षर कुणाचं?"

मुलीने बरणी हातात घेतली. अक्षर तिचंच दिसत होतं. "लावलं असेल मी," ती हळूच म्हणाली. "मला सगळंच उलटसुलट आठवतंय, आई. उद्या मला काहीच येणार नाही." तिचे डोळे भरले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी झाडू घेतला आणि मुंग्या झाडायला गेलो. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या झाडूची.

थोड्या वेळाने मुलगी अर्धं लिंबू घेऊन दारात आली. तिने एक थेंब सूर्यावर पिळला. बारीक फेस उसळला. मग कासवावर पिळला. काहीच झालं नाही.

"आई! कार्बोनेट असेल तर आम्लाने कार्बन डायऑक्साइड निघतो. सूर्य कार्बोनेट आहे, कासव नाही. म्हणजे मला येतंय!" मग ती थबकली. "पण मी दोन बरण्या भरल्याच नव्हत्या. आपल्या घरात पिठीसाखर चोरून कोण खाईल?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून झाडू होता.

"मी," मी म्हणालो. "सांगणारच होतो."

"कधी? मुंग्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर?" बायको म्हणाली.

मुलगी हसली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "मी रडत होते तेव्हा तू झाडत होतास, बाबा?" मी होकारार्थी मान हलवली.

सोमवारी सकाळी ती बूट घालत होती. रसायनशास्त्राची वही दप्तरातच होती. मी चाचरत विचारलं, "उजळणी घेऊ? चुन्याचं CaCO₃ ना?"

"तो खडू, बाबा. पानाला लावतात तो चुना Ca(OH)₂." लिफ्टचं दार बंद होता होता ती ओरडली, "आणि तू परत लेबलं लावू नकोस!"

तिने वही उघडलीच नव्हती.