चार आकड्यांची मूठ

“हिले सारं समजते भाऊ, पन तोंड नाही उघडत,” गॅरेजचा मिस्त्री बाबांना म्हणाला. मला ऐकू गेलं नसेल असं त्याला वाटलं. मी कडुलिंबाखाली पालथ्या टबवर बसून साखळीला टांगलेल्या आमच्या जुन्या इंजिनाकडे बघत होते. ते हवेत अगदी सावकाश फिरत होतं, झोपेत कूस बदलावी तसं.

“इंग्लिश मीडियमची आहे ना,” बाबा हसले. “आतल्या आत बोलते.”

आमच्या पिकअपला नवं, जास्त ताकदीचं टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसला होता. जुनी चार गिअरची. अर्जुनी मोरगावकडच्या तलावावर शिंगाड्याची ओली पोती भरली की पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा, चढ चढताना तिचा दम निघायचा. मागच्या हंगामात अर्धी पोती उतरवून डोक्यावर वर न्यावी लागली. म्हणून हा सगळा खटाटोप, आरटीओच्या परवानगीसाठी घातलेले हेलपाटे. बाबांनी एकच अट घातली होती. गिअरच्या दांड्यावरची मूठ जुनीच हवी. काळी, तळहाताने गुळगुळीत झालेली, वर चार आकडे. त्यातला दोन तर पुसत आलेला.

“नए दूल्हे को पुरानी पगड़ी पहना रहे हो, भाऊ!” मूठ पिळून बसवताना मिस्त्री म्हणाला. मग दांडा वर उजवीकडे ढकलून दाखवला. “पाचवा इथं. चालवून पाहा. नाही जमलं तर आजच सांगा, जुनं बसवून देतो. उद्या भंगारवाला येऊन राहिला.”

जुनं परत बसवलं तर गाडी विकायची, हे घरी ठरलेलं होतं.

मी आणि बाबा निघालो. याच सीटवर मी शाळेत जाताना रोज पेंगायचे. मुर्री गावातलं आमचं घर मागे पडलं की इंजिनाची घरघर पाठीतून आत शिरायची, आणि मिटल्या डोळ्यांनीही मला कळायचं, आता दुसरा, आता तिसरा. चौथा पडला की बाबांचा हात दांड्यावरून उठून माझ्या दप्तरावर येऊन थांबायचा. मग बराच वेळ काहीच बदलायचं नाही. रस्ताच आमच्याखालून वाहतोय असं वाटायचं. शाळेच्या फाटकाच्या बऱ्याच आधी मी “इथेच” म्हणून उतरायचे. बाकीच्या मुली कारमधून यायच्या. बाबांनी कारण कधी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

बिरसी विमानतळाकडचा रस्ता लागला. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, वर शिकाऊ पायलटांचं एक छोटं विमान त्याच त्या गोलात फिरत होतं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी कधी नव्हे इतकी हलकी पळत होती. बाबांचा हात उठला आणि सीटवर, पूर्वी दप्तर असायचं तिथे, येऊन थांबला.

इंजिन ओरडू लागलं. काच थरथरली, आरशातला रस्ता पुसट झाला.

“काऊन ओरडून राहिली ही?” बाबा म्हणाले. जरा वेळाने, “आपली अशी नव्हती ना, बाई.”

मी मान हलवली.

“पुढून फिरवतो. सांगून देऊ त्याला, जुनंच बसव म्हणून. विकून टाकू मग.” ते चिडलेले नव्हते. एखाद्या लग्नातून न जेवता लवकर निघावं, तसं बोलत होते.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मिस्त्रीने मघाशी दाखवलेलं डोक्यात असेल, हाताला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या हाताला चौथ्यापुढे काही नव्हतंच. मुठीवरही चारच आकडे. पण हे त्यांना मी कसं सांगणार? त्यांची चूक, तीही गाडी चालवण्यातली, आणि मी सांगायची? जिने त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत कधी येऊ दिलं नाही? मनात आधी इंग्रजीत एक वाक्य तयार झालं, मग मराठीत. दोन्ही गिळली.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं. गाडी वळवायची जागा समोर दिसत होती.

मी सीटवरचा त्यांचा हात उचलला आणि मुठीवर ठेवला.

“बाबा, चौथ्यानंतर अजून एक आहे.”