तेल कुठं जाते?

माझं लग्न झालं त्या साली आमच्या घरात कापसाला माणसांपेक्षा जास्त मान होता. मी अमरावतीकडच्या लहानशा गावातली. दिलं मला अकोटच्या बाजूला, काळ्या रानाच्या घरी. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि इकडच्या बोंडांसाठी दलाल दारात येऊन बसत होते. मग जो तो कापूसच पेरू लागला. करडई नि जवस बांधापुरतं उरलं, आणि तेल महागलं. घरात पैसा खुळखुळत होता, पण तेलाच्या बुधल्यात पळी बुडाली की माझे सासरे उठून बघायला यायचे.

त्यांनी उजेडाची आखणीच करून टाकली होती. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला त्यांनी आरपार कोनाडा पाडला, त्याच्या कडांना आतून पांढरा चुना फासला, आणि त्यात एकच दिवा ठेवायचा ठरवला. म्हणजे एका वातीवर दोन खोल्या. वातही ते स्वतः वळून द्यायचे, बोटभर लांब आणि शेवयांसारखी बारीक. भाकरी चुलीच्या उजेडात थापायची, जेवणं दिवेलागणीलाच उरकायची, आणि कापसाच्या खोलीत तर दिवा न्यायचाच नाही. ओसरीवर मात्र दलाल आला की तीन वातींचा दिवा लागायचा. "दलालाले वाटलं पायजे, या घरात कशाची कमी नाई," असं म्हणायचे. दलालाची पाठ वळली रे वळली की दोन वाती चिमटीनं काढून घ्यायचे. मी दाराआडून पाहायची आणि हसू दाबायची. पण आखणी चांगली होती, हे मला आजही कबूल आहे.

सासूचा स्वभाव निराळा. तिचा कोणावरच विश्वास नव्हता. मी पाण्याचा हंडा भरून आणला तरी ती वाकून आत बघायची. भाकरीचं पीठ मळलं की परातीवर नजर, दूध तापलं की सायीवर नजर. नवी सून म्हणजे तिच्या लेखी परक्या गावचा माणूस, आणि परक्या गावचा माणूस काय करील याचा नेम नाही.

कापसाची राखण म्हणून ती आणि सासरे कापसाच्या खोलीतच झोपायचे, दार आतून लावून. माझा नवरा शेतात जागलीला असायचा, कारण उभ्या रानातला कापूसही लोक वेचून नेत होते. माजघरात मी एकटी. जेवणं झाली, भांडी आवरली, की सासू उठायची आणि त्या खोलीकडे जाता जाता रोज एकच वाक्य टाकायची, "दिवा वाढव वं."

मी वाढवायची. काडीनं वात पुढं सारायची, तेल कमी दिसलं तर पळीभर घालायची, आणि मग उजेड टोचतो म्हणून तोंडावर पदर ओढून झोपायची. पहिल्या रात्री मला नवल वाटलं. दिवसभर थेंबाथेंबाला जपणारी माणसं रात्री दिवा मोठा करायला का सांगतात? मग मी मनाशी जुळवलं. घरात कापूस, बाहेर चोरांची भीती, तेव्हा उजेड हवा असणार. पण चार-सहा दिवसांनी दुसराच विचार आला. हिला मला उधळी ठरवायचं असेल. आधी आपणच सांगायचं आणि मग आपणच बोट दाखवायचं. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळलं. पण नव्या सुनेनं सासूला उलट विचारायचं नसतं, असं आईनं बजावून पाठवलं होतं.

आणि झालंही तसंच. सकाळी दिवा कोरडाठक, बुधला हलका. सासूनं आधी तेल्याला धरलं. माप कमी देतोस म्हणून त्याच्या घाण्यावर जाऊन भांडली. मग उंदरांवर संशय आला, तेव्हा बुधला शिंक्यात टांगला. मग बुधल्यावर कोळशानं रेघ ओढली. सकाळी तेल रेघेच्या खाली गेलेलं, आणि तेल्यावरचा, उंदरांवरचा संशय उतरून माझ्यावर येऊन बसला. एका दुपारी ती वेणी घालून देते म्हणाली. मला बरं वाटलं, कारण त्या घरात तोवर कोणी मायेनं हात लावला नव्हता. पाठमोरी बसले, तर ती माझे केस हुंगत होती. तेलाचा वास येतो का ते बघत होती.

केस कोरडे निघाले. मग तिनं सरळच विचारलं, "तेल कुठं जाते?"

"दिव्यात जाते, आत्याबाई," मी म्हटलं.

यापेक्षा खरं उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नाही. पण तिला तो उर्मटपणा वाटला. "पाहा! उलटी बोलते," असं म्हणून तिनं सासऱ्यांना हाक मारली. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. दिवा तर आम्ही रोज वाढवायला लावतो, मग दिव्यात कसं जाईल, असं ते दोघं एकमेकांकडे बघत म्हणाले, आणि मला वाटलं की ही दोघं मिळून मला वेडी ठरवायला निघाली आहेत. मी तोंड मिटून घेतलं. त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली. रात्री एकटी असते, मागच्या दारानं कोणाला तरी तेल देते, असं ठरलं.

नवरा भाकर न्यायला आला तेव्हा सासूनं त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी पाहून घ्या. मले येचनी हाय." आणि गेला. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की त्याच्या शिदोरीत मीठ घातलं नाही हे आठवूनही मी त्याला हाक मारली नाही.

अमरावतीकडे कापसाच्या बैलबंड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या एका बंडीवाल्याबरोबर माझ्या वडिलांना निरोप गेला, की तुमची पोरगी तेल चोरते, येऊन घेऊन जा. अशी नेलेली पोर परत कोणी आणत नाही. तिच्या जागी दुसरी येते, आणि पहिली बापाच्या दारात जन्मभर वाकल्या मानेनं शेण गोळा करते. आमच्याच गावात अशी एक होती. लहानपणी आम्ही पोरी तिच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हतो.

वडील आले. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही, म्हणून ते आपली भाकर बांधूनच आले होते. बोलणी सकाळी करू, असं सासरे म्हणाले. माजघरात कोनाड्याच्या खाली बसून वडिलांनी आपली भाकर सोडली, सासरे समोर जेवले. मी अलीकडे चुलीपाशी. कोनाड्यातून मला वडिलांचं मुंडासं दिसत होतं. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

सासरे हात धुवायला अंगणात गेले. सासू नेहमीसारखी उठली आणि जाता जाता म्हणाली, "दिवा वाढव वं."

मी उठायच्या आधीच पलीकडून एक हात कोनाड्यात आला. वडिलांना वाटलं, दिवा आपल्या हाताशी आहे, पोरीला कशाला उठवायचं. त्यांनी वात पुढं सारली, बोटानं काजळी झाडली, आणि भिंतीवर उजेड एकदम चढला.

सासू दारातच थांबली. "इवाईबुवा, हे काय करून राह्यले?"

"दिवा वाढवला."

"मंग अंधार कराचं सोडून मोठा काहून केला?"

वडील गोंधळले. "तुमीच त वाढव म्हनलं, इहीनबाई. मालव म्हनलं असतं त मालवला असता."

आमच्या माहेरी दिवा मालवतात. या घरी तो वाढवतात. विझणं हा शब्द घरच्या दिव्याला लावायचा नाही म्हणून यांनी उलटा शब्द धरलेला. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात, हे मला ठाऊक होतं. दिवाही वाढतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पदराआडून म्हटलं, "मी रोज असाच वाढवला, आत्याबाई."

सासरे ओले हात घेऊन उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं, हसतील. पण ते तडक कापसाच्या खोलीच्या दाराशी गेले. "म्हंजे रातभर दिवा जळून राह्यला होता? आन बाजूच्या खोलीत सारा कापूस?" सासूला मात्र पटलं नाही. बापलेकीनं मिळून रचलं नसेल कशावरून, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांनी तिला गप्प केलं. मी राहणार हे ठरलं, पण चुकलं असं कोणी म्हटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिनं बुधल्यावर नवी रेघ ओढलीच.

सकाळी वडिलांनी बंडी जुंपली. मी त्यांची घोंगडी ठेवायला बंडीतला कडबा सारला, तर खाली एक भरलेला बुधला, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

"हे काय, बाबा?"

ते बैलाच्या गळ्यातली घंटी चाचपत राहिले. "तेल हाय, घरचं. म्हनलं, इवायाचं भरून द्याव. तुले ठिऊन घेतलं असतं."

"म्हंजे मी चोरलं असं वाटलं तुमाले?"

"आता लोक सांगून राह्यले, त..." एवढंच म्हणाले.

सासूचा संशय मी सोसला होता, कारण ती परकी होती आणि तिच्यावर मला रागावता येत होतं. या माणसाच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले. त्यांनी मला काही न विचारता तेल भरून घेतलं होतं, आणि एवढ्या लांब वाटेत त्यांना एकदाही वाटलं नाही की माझी पोर असं करायची नाही. मला रडू फुटलं. ते मायेनंच आले होते हे मला कळत होतं, आणि त्यामुळं ते जास्तच लागत होतं.

"घेऊन जा ते परत," मी म्हटलं. त्यांनी बुधला खाली उतरवायला हात घातला होता तो मागं घेतला. बंडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.